गाडी खालून पाहजो

छप्पर उघडणारी गाडी म्हटली की लोकांना मरीन ड्राइव्ह आठवतो, सिनेमातला नायक आठवतो, श्रीमंताचा शौक आठवतो. गोंदिया जिल्ह्यात अशी गाडी घेणारा बहुधा धानकऱ्याचा मुलगा असतो. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या चोरखमारा आणि मंगेझरी फाटकांवर, किंवा पलीकडे भंडारा जिल्ह्यातल्या पिटेझरीला, पहाटे ज्या जिप्सी रांगेत उभ्या असतात त्यांचं कापडी हूड काढून ठेवलेलं असतं. पर्यटकाला झाडाचा शेंडाही दिसायला हवा आणि वाटेवरचा पंजाचा ठसाही. अशा एकेका गाडीवर एकेक घर चालतं. तिच्या खरेदीत फसगत झाली तर हौस राहिली एवढ्यावर भागत नाही. बहिणीचं लग्न पुढं जातं, बचत गटाचा हप्ता थकतो. म्हणून ही गोष्ट सांगावीशी वाटते.

तिरोडा तालुक्यात, जंगलाला लागून असलेल्या एका गावात एक पोरगा होता. बारावीनंतर तो गाइड झाला. डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव आणि नागझिरा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला तेव्हा तो शाळेत होता. नागझिऱ्यात जन्मलेला ‘जय’ वाघ त्याच वर्षी उमरेड-कऱ्हांडल्याकडं निघून गेला होता. तरी नागझिरा ओस पडला नाही. पोरगा पहाटे दुसऱ्याच्या जिप्सीत ड्रायव्हरशेजारी बसायचा, पाहुण्यांना अर्जुनाचं झाड दाखवायचा, साजाचं दाखवायचा, रानकुत्र्यांची टोळी कुठं उतरते ते सांगायचा. फेरी संपली की गाइडची फी खिशात यायची आणि गाडीचं भाडं गाडीच्या मालकाकडं जायचं. दोन्हींतला फरक त्याला रोज दिसत होता. आपली गाडी हवी, हे त्याच्या मनानं घेतलं ते तिथूनच.

ते २०१९ साल होतं. मारुतीनं जिप्सी बनवणं नुकतंच थांबवलं होतं. डिसेंबर १९८५ मध्ये आलेली ही गाडी तेहतीस वर्षं जवळपास त्याच रूपात विकली गेली. मधे ९७० सीसीचं इंजिन जाऊन १३०० सीसीचं आलं, पुढं कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय आलं, पण सांगाडा तोच राहिला. सुरक्षेचे नवे नियम आले तेव्हा तो सांगाडा त्यांत बसेना. म्हणजे आता जी घ्यायची ती जुनीच. शोरूममधली महिंद्राची थारही त्यानं पाहून ठेवली होती, कापडी हुडाची. पण ती नऊ-दहा लाखांची, आणि हप्ता दर महिन्याला. पावसाळ्यात जंगल बंद असतं. जुलै ते सप्टेंबर फाटक उघडत नाही, बँक मात्र उघडी असते. हा हिशेब त्याच्या मायनं करून दाखवला. माय चौथी शिकलेली होती, पण बचत गटाचं रजिस्टर तीच लिहायची.

पोराजवळ धानाचे चुकारे होते, बोनस होता, गाइड म्हणून साठवलेली रक्कम होती आणि मायच्या गटाकडून मिळणारं थोडं कर्ज. सगळं मिळून पावणेचार लाख. एका मित्रानं फोनवर नागपूरच्या एका गाडीचे फोटो पाठवले. मिलिटरी हिरवा रंग, रुंद टायर, बंपरवर चार दिवे, मागं उंचावर लावलेले दोन बाक, नवंकोरं खाकी हूड. किंमत तीन लाख साठ हजार. पोरानं रात्रभर ते फोटो पाहिले आणि सकाळी इसार पाठवायला निघाला.

माय म्हणाली, “तुह्या बाबानं बैल आणला होता तं पयले चिखलात जुपून पाह्यला होता. रंग पाहून दावं नाई धरलं. तू फोटो पाहून पैसे देतं काऊन गा? तिरोड्याच्या मिस्त्रीले संगं ने.”

बाप हयात नव्हता. त्यानं घेतलेल्या बैलाचं नाव निघालं की घरात वाद होत नसे.

तिरोड्याचा मिस्त्री साठीचा. जुन्या जीपगाड्यांखाली त्याची हयात गेलेली. तो म्हणाला, “येतो. एक जुनी सतरंजी घे, टॉर्च घे, मोठा पेचकस घे. आन् त्या मालकाले फोन कर, आमी येईपर्यंत इंजिन चालू करू नोको म्हणा.”

पोरानं फोन केला. पण सकाळच्या गाडीनं दोघे नागपूरला उतरून त्या आवारात पोचले तेव्हा जिप्सी घुरघुरत उभी होती. मिस्त्रीनं बॉनेटवर हात ठेवला, गरम होतं. तो म्हणाला, “बंद करा. आमी नाश्ता करून येतो दीड तासानं.” विकणाऱ्याला ते आवडलं नाही. मिस्त्रीनं बाहेर आल्यावर पोराला कारण सांगितलं. थंड इंजिन पहिल्या चावीला कसं उठतं, उठताना धूर निळा निघतो की पांढरा, तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय धरली आहे का, हे गरम इंजिनात अर्धं झाकून जातं. निळा धूर म्हणजे इंजिन तेल जाळतं. दुधाळ साय म्हणजे तेलात पाणी शिरत असण्याचा संशय. हेड गॅस्केट गेलं असेल तर खर्च मोठा.

परतल्यावर इंजिन बरं निघालं. धूर नव्हता. पोराचा चेहरा खुलला. मग मिस्त्रीनं सतरंजी अंथरली आणि गाडीखाली गेला.

इथं थोडं थांबून सांगायला हवं, कारण उघडी गाडी घेणारे बहुतेक लोक इथंच चुकतात. बंद गाडीचं छप्पर, दारं आणि खांब मिळून तिची पेटी होते. त्या पेटीची ताकद गाडी धरून ठेवते. उघड्या गाडीला ती पेटी नसते. तिची सगळी ताकद खाली असते, चेसिसमध्ये. पाऊस, धूळ, नाल्याचं पाणी या सगळ्यांना वरून मोकळी वाट मिळते आणि ते तळाशी जाऊन बसतात. चटईखालचा पत्रा आधी सडतो, मग मागच्या स्प्रिंग-पाट्यांच्या जोडाजवळची चेसिस. वरचा रंग दरवर्षी नवा मारता येतो. खालचा गंज दरवर्षी तसाच वाढत राहतो.

गाडीच्या पोटाला डांबरासारखा काळा थर दिलेला होता, ताजा. मिस्त्री पेचकसाच्या मुठीनं ठोकत गेला. पुढं टणटण आवाज येत होता. मागं उजव्या पाट्याजवळ आवाज बसला. त्यानं पेचकसाचं टोक दाबलं आणि ते आत गेलं. त्यानं पोराला हाक मारली, “ये. इथं झोप. वर पाह्य.”

पोरानं पाहिलं. काळ्या थराआड पत्र्याचं एक ठिगळ होतं, कडेला तीनच टाके मारलेलं.

मिस्त्री बाहेर आला तो रोल बारपाशी गेला. हा नळीचा चौकटा उघड्या गाडीत शोभेला नसतो. गाडी उलटली तर बसलेल्यांच्या डोक्यावर तेवढंच काय ते असतं. तो चेसिसपर्यंत पोचलेला हवा. इथं तो पातळ पत्र्याला चार नटांनी बांधलेला होता. उंच बाकांमुळं वजन वर चढलेलं, रुंद टायरमुळं हबवर ताण, आणि बाकांवर एकाही जागेला पट्टा नाही. बांधणीत असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली परवानगीशिवाय करता येत नाहीत, आणि उत्पादकाच्या मूळ रचनेविरुद्ध केलेला बदल चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ च्या सुरुवातीला सांगितलं होतं.

शेवटी कागद. पाटी दिल्लीची. दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना राष्ट्रीय हरित लवादानं २०१४ मध्ये बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. तेव्हापासून तिकडच्या म्हाताऱ्या होत चाललेल्या गाड्या देशभर स्वस्तात पसरू लागल्या. त्यात वाईट काही नाही, पण तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र लागतं. इथं पत्राची झेरॉक्सही नव्हती. “येऊन जाईल,” विकणारा म्हणाला. फॉर्म २९ आणि ३० वर कुणाच्या तरी सह्या होत्या, वरचे रकाने कोरे. आरसीवर एका वित्त कंपनीचा बोजा चढलेला होता, तो उतरवल्याचा फॉर्म ३५ नव्हता.

मिस्त्री म्हणाला, “गाडी याची नोय. मालक अलग, कर्ज देणारा अलग, विकणारा अलग. चाल.”

परतीच्या गाडीत पोरगा मिस्त्रीशी बोलला नाही. त्याला ती हिरवी गाडी डोळ्यांपुढून हलत नव्हती. ठिगळ नीट मारून घेता आलं असतं, कागदांचं पाहता आलं असतं, असं तो मनात जुळवत राहिला. मन लागलेल्या वस्तूत दोष दिसले की आपण दोषांशी तडजोड करायला बसतो. मिस्त्रीला ते कळत असावं. त्यानं समजूत काढली नाही. तिरोड्याला उतरताना एवढंच म्हणाला, “गाडी खालून पाहजो. कागद बी खालून पाहजो, सहीकडून.”

दुसरी गाडी लष्कराच्या लिलावातून आलेली, बाणाच्या पाटीची. लोखंड दणकट होतं. पण लिलावापासून आजच्या धन्यापर्यंतची कागदांची साखळी मधेच तुटली होती आणि अशा गाडीला आरटीओचा नंबर मिळणं अवघड होतं. पोरानं ती स्वतःच सोडली. एवढं तो शिकला होता.

तिसरी आमगावला मिळाली. एका राईस मिलच्या मालकाची, २००८ सालची, कापडी हुडाची, नोंदणी एमएच ३५ म्हणजे गोंदियाचीच. जुलै लागला होता, रोवणी सुरू होती. पाऊस धो धो पडत असताना पोरगा फोनवर म्हणाला, “काकाजी, पाऊस उघडला की येतो.” मिस्त्रीनं फोन हातातून घेतला आणि सांगितलं, आज येतो.

मिलवाल्या काकाजींनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि गाडीवरचं ताडपत्रीचं आच्छादन काढायच्या आधी म्हणाले, “पयले हिच्या खोडी आइका. मंग पाहा.”

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. हूड डाव्या बाजूनं, काचेच्या चौकटीपाशी गळतं. दुसरा गिअर थंडीत कुरकुरतो. पुढच्या उजव्या चाकाचं हब लॉक होत नाही, त्यामुळं चिखलात चारही चाकं ओढत नाहीत. २०१४ मध्ये गाडी नहराच्या काठावरून घसरून खाली गेली होती, तेव्हा चेसिसला मागं डावीकडं तडा गेला. तो गोंदियात वेल्डिंग करून घेतला, त्याचं बिल हे. रंग गेल्या दिवाळीत मारला, तो पाहून काही ठरवू नका.

पोरगा हबकला. नागपूरच्या माणसानं एक दोष सांगितला नव्हता, आणि इथं चहा यायच्या आत चार झाले. चेसिस तुटलेली गाडी कोण घेईल? त्यानं मिस्त्रीकडं पाहिलं, उठू या अशा अर्थानं. मिस्त्रीनं सतरंजी झटकली आणि ओल्या फरशीवर अंथरली.

बराच वेळ तो खाली होता. बाहेर आला तेव्हा कपाळावर चिखल होता. त्यानं सांगितलं की जोडाला दोन्ही अंगांनी लांब पट्टी दिली आहे, टाका सलग आहे, पाच वर्षांत तडा पुढं सरकलेला नाही. बाकी ठिकाणचा गंज वरवरचा, ठोकल्यावर आवाज खणखणीत. काळा थर कुठंच दिलेला नाही, सगळं उघडं आहे. मग हूड लावून तिघे भर पावसात निघाले. सालेकसा रस्त्यावर काही अंतर गेल्यावर डाव्या बाजूला, सांगितलं होतं तिथंच, थेंब पडू लागले. दुसरीकडं कुठंच नाही. मिस्त्रीनं मागच्या चटया उचलून हात फिरवला, पत्रा कोरडा होता. प्लॅस्टिकच्या खिडक्या पिवळ्या पडल्या होत्या, चेन चालत होत्या, हुडाच्या नळ्या सरळ होत्या. नाल्याच्या उतारावर स्टिअरिंग थरथरलं नाही.

“आता ऊन पडन त्या दिवशी अजून एकडाव येऊ,” मिस्त्री म्हणाला. ओल्या अंगावर रंगातली लाट दिसत नाही, ठोकून सरळ केलेला पत्रा चकाकतो. उघड्या गाडीचं छप्पर पावसात पाहावं आणि रंग उन्हात. दोन्ही एका दिवसात होत नाही, म्हणून जायचंच दोनदा.

दुसऱ्या खेपेला भाव निघाला. काकाजींनी सव्वातीन लाख सांगितले. पोरगा आता तयार झाला होता. त्यानं एकेक खोड मोजून दाखवली आणि दोन लाख ऐंशी हजार म्हणाला.

काकाजी रागावले नाहीत. “ह्या खोडी तूनं शोधल्या का मी सांगितल्या? सांगून मंगच भाव लावला मी. तोच दोष दोनदा कसा कापतं बापा?”

पोराला उत्तर सुचलं नाही. मिस्त्री गालात हसला. सौदा सव्वातीनलाच झाला.

उरलेले पन्नास हजार गाडीवरच लागले, आणि ते लागणार हे धरूनच भाव मान्य केला होता. हब बदललं, हुडाला डाव्या बाजूनं नवी पट्टी आणि शिवण घातली, रोल बार चेसिसपर्यंत नेऊन बोल्टांनी कसला, मागच्या जागांना पट्टे बसवले. जुन्या गाडीला सगळे पैसे किमतीतच घालणारा माणूस पहिल्याच महिन्यात उसने मागायला निघतो. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीनं ठसा घेतला, आरसीशी अंक अंक ताडला. आरसी काकाजींच्याच नावाची, बोजा नाही. फॉर्म २९, फॉर्म ३०, विमा नावावर करायचा अर्ज चौदा दिवसांत, पीयूसी. भाड्यानं फिरवायची म्हणून नोंदणी बदलून पिवळी पाटी घेतली, त्यानं विम्याचा हप्ता वाढला आणि जुनी गाडी म्हणून फिटनेस दरवर्षी करायचं ठरलं. वनविभागाच्या कार्यालयात कोणती गाडी, किती जुनी, कशी चालते हे तो खरेदीच्या आधीच विचारून आला होता.

ही गोष्ट इथं संपली असती तर ती फक्त गाडी घेण्याची गोष्ट झाली असती.

त्याच पावसाळ्यात साकोलीकडचा एक गाइड, त्याचा ओळखीचा, त्याला फोनवर म्हणाला, “नागपूरची ती हिरवी जिप्सी तू पाहून आलता म्हणते. कशी हाये गा?”

पोराच्या ओठावर सगळं होतं. ठिगळ, पातळ पत्र्यावरचा रोल बार, वित्त कंपनीचा बोजा, कोऱ्या फॉर्मवरच्या सह्या. पण मनात आलं, दुसऱ्याच्या सौद्यात आपण तोंड कशाला घालायचं. विकणाऱ्याला कळलं तर तो बोल लावेल. आणि खोल कुठंतरी ती गाडी आपल्याला मिळाली नाही याची चुरचुर होतीच. तो म्हणाला, “इंजिन बरं हाये. बाकी तुहं तू पाह्य.”

यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं.

ऑक्टोबरात जंगल उघडलं. साकोलीच्या पोराची हिरवी गाडी रिसॉर्टच्या पाहुण्यांना बोदलकसा तलावाकडं फिरवू लागली. लोक तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे. आमगावच्या साध्या जिप्सीकडं पाहून फाटकावरची पोरं हसायची, म्हातारी आणली म्हणायची. पोरगा ऐकून घ्यायचा आणि फेरीआधी एकदा गाडीखाली वाकून पाहायचा.

मार्च २०२० मध्ये कोरोनानं जंगल बंद केलं. गाडी मोहाच्या झाडाखाली उभी राहिली. त्याच्यावर बँकेचा हप्ता नव्हता, गटाचं थोडं कर्ज मायनं तेंदूपत्त्याच्या मजुरीतून ओढलं. दर आठवड्याला तो इंजिन चालवायचा, हूड पसरून उन्हात टाकायचा, कारण कापड ओलं मिटून ठेवलं की त्याला बुरशी धरते आणि शिवण कुजते. साकोलीच्या पोराकडं त्याच दिवसांत वसुलीची माणसं आली. दिल्लीकडच्या कुण्या माणसानं त्या गाडीवर उचललेलं कर्ज थकलं होतं. गाडी अजून त्याच माणसाच्या नावावर होती. साकोलीच्या पोरानं साडेतीन लाख मोजलेले, त्याची पावतीसुद्धा नव्हती. गाडी गेली. पोरगा पुढं हैदराबादला एका बांधकामावर कामाला गेला.

बातमी ऐकून आमच्या पोराला जेवण गेलं नाही. मायनं विचारलं तेव्हा त्यानं तो फोन सांगितला. माय बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “मिस्त्रीनं तुह्याकडून किती पैसे घेतले होते रे?”

मिस्त्रीनं काहीच घेतलं नव्हतं. दोन वेळचा चहा आणि रेल्वेचं तिकीट.

मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा प्रश्न. पारख त्याला फुकट मिळाली होती. मिस्त्रीनं आयुष्यभर गाड्यांखाली झोपून ती कमावली आणि नुसत्या ओळखीवर देऊन टाकली. काकाजींनी तर आपलंच नुकसान करून दिली. आणि ज्याला ती मिळाली त्यानं विचारणाऱ्यालाही दिली नाही. गप्प बसणं हा आपल्याकडं शहाणपणाचा गुण समजतात. गाडीच्या बाजारात ते गप्प बसणं विकणाऱ्याच्या खोट्याइतकंच महाग पडतं, फरक इतकाच की पैसे तिसऱ्याचे जातात.

वर्षं गेली. मे २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून आणलेल्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडल्या, पाहुण्यांची चौकशी वाढली. पोरगा आता पोरगा राहिला नव्हता. लग्न झालं होतं, घरात एक मुलगी रांगत होती. २०२५ च्या उन्हाळ्यात त्यानं थोडी नवी जिप्सी पाहून ठेवली आणि म्हातारी विकायला काढली. विकायच्या आधी सवयीप्रमाणं खाली झोपला, आणि मागं उजवीकडं, जुन्या जोडाच्या समोरच्या अंगाला, केसासारखी बारीक भेग दिसली. नखानं लागेल एवढीच.

काळा थर पाच-सातशे रुपयांत मिळतो. बायकोच्या भावानं तो सुचवलाही. “भाटवे, एक हात मारून टाका. घेणारा कुठं खाली झोपते?”

घेणारा आला तो नवेगावकडून, अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. वय बावीस-तेवीस. फोनमध्ये गाडीचे फोटो, शर्टाच्या खिशात इसाराचे पैसे, संगं कोणी नाही. गाडीभोवती एक चक्कर मारली, सीटवर बसून पाहिलं, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले, आणि म्हणाला, “भाऊ, इसार ठेवा. मले पसंत हाये.”

यानं पैसे घेतले नाहीत. घरातून सतरंजी आणली आणि गाडीखाली अंथरली. “पयले इथं झोप.”

त्याला जुना जोड दाखवला, नवी भेग दाखवली. हुडाची पट्टी, दुसऱ्या गिअरची कुरकुर, सगळं सांगितलं. भेगेचं वेल्डिंग तिरोड्याला करून घे, वीस हजार धर, म्हणून मी दोन लाख साठचे दोन चाळीस सांगतो. अजून घासाघीस करू नोको, खोड सांगूनच भाव लावला हाये.

त्या पोराचा चेहरा उतरला. तो उठला, पँट झटकली, विचार करून सांगतो म्हणाला आणि गेला. आठवडा गेला, फोन नाही. घरात कुरबूर झाली. बायकोचा भाऊ म्हणाला, सांगितलं होतं मी. दुसरा एक घेणारा भेग पाहून दोन लाखांवर आला आणि तो सौदाही फिसकटला. चांगुलपणाचं फळ लगेच मिळतं असं बोधकथांत असतं. इथं जून संपत आला तरी गाडी दारातच होती आणि नव्या गाडीसाठी ठेवलेला इसार बुडायची वेळ आली होती.

मग एका सकाळी तो नवेगावकडचा पोरगा परत आला. या खेपेला त्याच्यासंगं अर्जुनीचा एक मिस्त्री होता, आणि त्या मिस्त्रीच्या काखेत गोणपाट होतं. तो खाली गेला, ठोकत राहिला, बाहेर आला. म्हणाला, “यानं सांगतलं तेवढंच हाये. जास्त काई नाई.” दोन चाळीसला सौदा झाला. फॉर्म भरले, एकही रकाना कोरा ठेवला नाही, आणि विक्रीची खबर आरटीओला चौदा दिवसांत द्यायची म्हणून दोघे दुसऱ्याच दिवशी गोंदियाला गेले.

आरटीओच्या बाहेर चहा पिताना तो पोरगा म्हणाला, “भाऊ, माह्या आतेभावानं देवरीले एक जिप्सी पाह्यली. फोटोत लय भारी दिसते. उद्या पैसे देणार हाये तो.”

“कोणाच्या नावावर हाये?”

“मालूम नाई.”

यानं चहाचा कप खाली ठेवला, आतेभावाचा नंबर घेतला आणि तिथूनच फोन लावला. पैसे देऊ नोको, सकाळी आमी येतो, आरसी मागून ठेव, आन् गाडीवाल्याले सांग, आमी येईपर्यंत इंजिन चालू करू नोको म्हणा.